सोसायटी म्हणजे सोबती, मग लिफ्ट वेगळी कशाला?

आमच्या टॉवरमध्ये ए विंगच्या लिफ्टशेजारी एक स्टीलची पाटी आहे. घरकाम करणाऱ्या बायका, ड्रायव्हर आणि डिलिव्हरीवाले यांनी फक्त सर्व्हिस लिफ्ट वापरावी, आणि खाली लिहिलंय, आदेशावरून, सोसायटी. ठाण्यात घोडबंदर रोडला अशा पाट्या इतक्या बिल्डिंगांमध्ये आहेत की कोणी त्या वाचत पण नाही. मीही नव्हते वाचत, आठ वर्षं रोज त्याच पाटीसमोर उभी राहून लिफ्टची वाट बघितली पण तिच्यावरचे शब्द कधी डोक्यात शिरले नाहीत.

शिरले ते मागच्या पावसाळ्यात. सर्व्हिस लिफ्टच्या पिटमध्ये पाणी शिरलं आणि ती लिफ्ट नऊ दिवस बंद राहिली. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी लोकमान्य नगरहून येतात, वय पंचावन्नच्या पुढे, दोन्ही गुडघे दुखतात, आणि पहिल्या दिवशी त्या चौदाव्या मजल्यावर जिना चढून आल्या. दारातच बसल्या आणि पाणी मागितलं. बाजूच्या दोन लिफ्ट चालू होत्या! मी तशीच खाली गेले आणि वॉचमन काकांना विचारलं की अहो यांना लिफ्टनं का नाही सोडलं, तर ते म्हणाले, "मॅडम, सोसायटीनं सांगितलंय, मी काय करणार?" सेक्रेटरींना फोन केला तर ते म्हणाले की नियम माझा नाही, सोसायटीचा आहे. चेअरमन म्हणाले की हे सोसायटीत आधीच ठरलंय. तिघं जण आणि तिघांचंही बोट सोसायटीकडे. आता मीसुद्धा त्या सोसायटीची सभासद आहे, माझ्या नावावर शेअर सर्टिफिकेट आहे, मेंटेनन्स एक महिना चुकवला नाही, आणि हे ठरवताना मला कोणी विचारल्याचं मला आठवत नाही.

तेव्हापासून हा शब्द डोक्यात अडकून बसलाय. सोसायटी सोसायटी म्हणतो ती नक्की कोण?

इंग्रजीत हा शब्द सोळाव्या शतकात फ्रेंचमधून आला, फ्रेंचमध्ये तो लॅटिनमधून आला, आणि लॅटिनमध्ये त्याच्या मुळाशी शब्द आहे सोसियस. सोसियस म्हणजे सोबती, बरोबर चालणारा. सोशल, असोसिएट, असोसिएशन हे सगळे त्याच घराण्यातले. सुरुवातीला इंग्रजीतसुद्धा सोसायटी म्हणजे नुसती सोबत, कोणाच्या तरी सहवासात असणं, एवढाच अर्थ होता. अमुक देशातली सगळी माणसं वगैरे मोठा अर्थ नंतर चढला आणि काही काम मिळून करायला जमलेला गट हाही. पण मला सगळ्यात भावलं ते पुढचं. भाषेचे अभ्यासक हे मूळ अजून मागे नेतात तेव्हा ते मागोमाग जाणे, साथ देणे अशा अर्थाच्या एका धातूपाशी पोचतं, आणि तोच धातू संस्कृतात सच् म्हणून आहे. त्यातूनच सखा. त्यातूनच सचिव. म्हणजे सोसायटी हा शब्द आपल्याला वाटतो तसा पूर्ण परका नाहीच, तो आपल्या सख्याचा लांबचा भाऊबंद आहे. आणि सचिव म्हणजे मुळात सोबती, मग राजाला साथ देणारा, मग मंत्री, आणि आज आपल्या नोटीस बोर्डावर सही करतो तो. सेक्रेटरी या इंग्रजी शब्दाच्या पोटात मात्र सीक्रेट आहे, गुपितं सांभाळणारा तो सेक्रेटरी. दोन्ही शब्द एकाच खुर्चीसाठी वापरतो आपण पण मला विचाराल तर मराठी शब्दातला माणूस जास्त चांगला आहे.

सोसियसची आणखी एक गोष्ट आहे आणि ती मला थेट आमच्या लिफ्टपाशी आणून सोडते. इटलीमधली जी शहरं आणि टोळ्या रोमच्या बाजूने लढायच्या त्यांना रोमन लोक सोसी म्हणायचे, सोसियसचं अनेकवचन, म्हणजे सोबती, दोस्त. रोमच्या सैन्यात निम्मे किंवा त्याहूनही जास्त सैनिक या दोस्तांचे असायचे, लढाया ते मारायचे, मरायचेही तेच, पण रोमचं नागरिकत्व त्यांना नव्हतं. मत नाही, कायद्यात बरोबरी नाही. नाव सोबती आणि वागणूक दाराबाहेरची. शेवटी इसवी सनपूर्व ९१ मध्ये त्यांनी बंड केलं, कॉर्फिनियम नावाच्या गावाला आपली राजधानी केलं, स्वतःची नाणी पाडली, त्यातल्या एका नाण्यावर तर इटलीचा बैल रोमच्या लांडगीला शिंगावर घेताना दाखवलाय. पुढच्याच वर्षी रोमला कायदा करून नागरिकत्व द्यायला सुरुवात करावी लागली. इतिहासात या युद्धाला सोशल वॉर म्हणतात, म्हणजे सोबत्यांशी झालेलं युद्ध. हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ नुसती बसून होते. ज्यांच्या जिवावर आपलं चालतं त्यांना आपलं म्हणायचं पण आत घ्यायचं नाही, हे दुखणं या शब्दाला दोन हजार वर्षांपासून लागलेलं आहे.

कारण आपण तेच करतो. स्वयंपाकाच्या बाईंना आपण मावशी म्हणतो. वॉचमनला काका म्हणतो, झाडूवाल्याला दादा, पोळ्यावाल्या ताई. मराठी माणूस कामाच्या माणसाला नात्याच्या नावाने हाक मारतो, ही आपल्या भाषेतली फार मोठी गोष्ट आहे आणि मला तिचं मनापासून कौतुक आहे. पण मग सख्ख्या मावशीला आपण म्हणू का, की तू मागच्या लिफ्टने ये? परत जाताना तिची पिशवी गेटवर उघडून बघू का? हल्ली तर अ‍ॅपवर त्यांची येण्याजाण्याची वेळ पडते, त्यांना स्टार देतात, आणि त्यांना मात्र आपल्याबद्दल काही लिहायची सोय नाही.

बरं, सोसायटीला मराठीत समाज हा शब्द होताच की. एकोणिसाव्या शतकात आपल्या लोकांनी तो मोठ्या हिमतीने वापरला. १८६७ साली मुंबईत प्रार्थना समाज, १८७३ साली पुण्यात महात्मा फुल्यांचा सत्यशोधक समाज. गोखल्यांनी १९०५ साली सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटी काढली तर तिचं मराठी नाव भारत सेवक समाज. शब्द तर फारच जुना, अशोकाच्या गिरनारच्या पहिल्याच शिलालेखात आहे की समाज करू नये, तिथे समाज म्हणजे जत्रेसारखा मेळा. आणि संस्कृतात एक बारीक फरक केलाय, जनावरांच्या कळपाला म्हणायचं समज आणि माणसं जमली की समाज. दोन्हींचा धातू एकच, फरक एका कान्याचा.

आता आज ठाण्यात समाज शब्द कुठे ऐकू येतो ते बघा. आमच्या समाजाचा हॉल, आमच्या समाजाचा वधूवर मेळावा, मुलगा समाजातलाच आहे ना. समाज म्हणजे जात, असा सरळ अर्थ झालाय बोलण्यात. आणि सोसायटी म्हणजे कंपाउंड वॉलच्या आतले फ्लॅटमालक. एक शब्द जातीपुरता आटला, दुसरा गेटपुरता, आणि एकाच गल्लीत राहणाऱ्या, एकाच टँकरचं पाणी पिणाऱ्या, एकाच खड्ड्यातून जाणाऱ्या सगळ्यांना मिळून काय म्हणायचं त्याला रोजच्या बोलण्यात शब्दच उरला नाहीये. माझं म्हणणं असं आहे की शब्द नसला की ती गोष्ट दिसायची पण बंद होते.

गावाकडे मात्र सोसायटी अजून वेगळीच. माझे काका सातारा जिल्ह्यातले, त्यांच्याकडे सोसायटी म्हणजे विकास सोसायटी, पीककर्ज देणारी, तिची निवडणूक आली की गाव दोन पार्ट्यांत विभागलं जातं. ते पहिल्यांदा ठाण्याला आले तेव्हा त्यांनी मला अगदी सहज विचारलं, "तुमच्या सोसायटीत वाटेकरी कोण कोण हायेत?" मी म्हटलं फ्लॅटवाले. त्यांनी गेटवरच्या वॉचमनकडे बघितलं आणि म्हणाले, "आन् ह्यो?" त्यांच्या मनात काही टोमणा नव्हता हो, त्यांच्या हिशोबाने जो रोज तिथे राबतो त्याचा काहीतरी वाटा असायलाच हवा होता.

काकांची सोसायटी आणि माझी सोसायटी कायद्याच्या एकाच झाडाच्या फांद्या आहेत, सहकाराच्या. इंग्लंडमध्ये रॉचडेल गावात १८४४ साली अठ्ठावीस जणांनी, त्यात विणकर बरेच, पैसे गोळा करून स्वतःचं दुकान काढलं, लोणी, साखर, पीठ, मेणबत्त्या असलं सामान, कारण बाकीचे दुकानदार भेसळ करायचे. तिथून सहकाराचे नियम जगभर गेले. कोणालाही सभासद होता येईल, आणि शेअर कितीही असोत, मत एकच. आपल्याकडे १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा आला, १९१२ मध्ये तो मोठा झाला, महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा १९६० चा. त्याचं कलम २३ सांगतं की पुरेसं कारण असल्याशिवाय पात्र माणसाला सभासदत्व नाकारता येणार नाही. आज राज्यातल्या सहकारी संस्थांपैकी निम्म्याहून जास्त या गृहनिर्माण संस्था आहेत, म्हणजे आपल्या बिल्डिंगा. पन्नास रुपयांचे दहा शेअर घेऊन आपण सगळे त्या रॉचडेलच्या विणकरांचे वारस झालोय, आणि आपल्याला वाटतं सोसायटी म्हणजे पार्किंगची भांडणं.

इथे मला कोणीतरी अडवेल आणि अडवायलाच हवं. मुंबईत गृहनिर्माण सोसायटीची सुरुवातच मुळी एका समाजापासून झाली. गावदेवीला १९१५ साली सारस्वतांची सहकारी गृहनिर्माण सोसायटी झाली, श्रीपाद सुब्राव तालमकी यांनी त्यासाठी जिवाचं रान केलं आणि त्यांना या चळवळीचे जनक म्हणतात. नंतर २००५ साली सुप्रीम कोर्टाने अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीच्या बाबतीत सांगितलं की सभासद पारशीच असावा असा उपविधी, म्हणजे सोसायटीचा स्वतःचा नियम, चालू शकतो. मग आपल्या लोकांनी आपल्या लोकांबरोबर राहावं यात वाईट काय? मला हा प्रश्न उडवून लावायचा नाहीये. १९१५ साली मुंबईत नवीन आलेल्या कारकुनाला खोली मिळत नव्हती, कर्ज देणारं कोणी नव्हतं, मग ओळखीच्या माणसांनी ओळखीच्या माणसांवर विश्वास ठेवून घरं बांधली, ते धाडसच होतं. पण तो विश्वास तेव्हा जातीतून आणावा लागला कारण दुसरीकडून तो मिळतच नव्हता. आज होम लोन बँक देते, ती पगाराची स्लिप बघते. करार रजिस्टर होतो, भाडेकरूची माहिती पोलीस स्टेशनला जाते. एवढं सगळं असताना जातीचा, धर्माचा किंवा ताटातल्या माशाचा दाखला कशाला लागतो?

लागतो मात्र. माझ्या भाच्याला ऐरोलीला नोकरी लागली आणि तो ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे असा दीड महिना घर शोधत फिरला. एजंट आधी आडनाव विचारायचा, मग नॉनव्हेज खाता का, मग लग्न झालंय का, आणि मग तेच वाक्य, सोसायटी अलाऊ करत नाही. सरकारने सोसायट्यांना नमुना म्हणून दिलेल्या आदर्श उपविधींमध्ये असं आहे की भाडेकरू ठेवताना मालकाने सोसायटीला आधी कळवायचं, परवानगी मागायची गरज नाही. पण कळवणे आणि परवानगी यातला फरक किती कमिट्यांना माहीत आहे आणि किती मालक त्यावर अडून बसतात? एक घरमालक काकू तर त्याला म्हणाल्या, बाळा मला काहीच प्रॉब्लेम नाही, सोसायटीचा आहे. परत तेच बोट. प्रत्येक जण वैयक्तिक चांगला आणि सगळे मिळून दार बंद. सोसायटी हा शब्द आता मागे लपायला वापरतात लोक, आणि याचा मला सगळ्यात जास्त राग येतो.

नवी मुंबईचं एक सांगते. वाशीला माझी मैत्रीण सिडकोच्या जुन्या चार मजली बिल्डिंगमध्ये राहते, लिफ्ट नाहीच, जिना एक. त्या जिन्यावरून बँकेतला मॅनेजर, कचरा न्यायला येणारी बाई, दूधवाला, पोरं सगळे जातात, अरुंद आहे म्हणून एकमेकांना बाजू देऊन जातात, आणि दोन शब्द बोलणं होतंच. सिडकोच्या तिथल्या बऱ्याच बिल्डिंगा कागदावर सोसायटी पण नाहीत, अपार्टमेंट ओनर्स असोसिएशन आहेत, तरी सगळे म्हणतात सोसायटीच, आणि असोसिएशनमध्येही तोच सोसियस बसलाय म्हणा. बेलापूरला आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांनी ऐंशीच्या दशकात आर्टिस्ट व्हिलेज नावाची वसाहत केली तेव्हा सात घरांमध्ये एक अंगण ठेवलं, आणि सगळ्यात गरिबाचा प्लॉट ४५ चौरस मीटर तर सगळ्यात श्रीमंताचा ७५, एवढाच फरक. म्हणजे विटा रचतानाच ठरवलं होतं की इथली माणसं एकमेकांना दिसली पाहिजेत. आमच्या टॉवरमध्येही विटा रचतानाच ठरलंय, फक्त उलटं. सर्व्हिस लिफ्ट कचऱ्याच्या खोलीला लागून उघडते.

वेगळ्या लिफ्टच्या बाजूने जे बोलतात त्यांचं पण ऐकलंय मी, एका संध्याकाळी क्लबहाउसमध्ये दोन तास ऐकलं. सकाळी शाळेची घाई असते, गर्दी होते. मान्य. मग गर्दीचा नियम करा, सगळ्यांसाठी करा. सिमेंटची पोती, फर्निचर, कचऱ्याचे डबे वेगळ्या लिफ्टने न्या, शंभर टक्के मान्य, मी स्वतः भाजीचं पोतं असेल तर तिकडूनच जाते. नियम सामानाला लावा ना, माणसाला का लावता? सेफ्टीचं म्हणाल तर ज्या बाईकडे आपण घराची किल्ली देतो, जिच्या हातात आपलं तान्हं बाळ देऊन ऑफिसला जातो, तिच्यापासून लिफ्टच्या चाळीस सेकंदांत काय धोका आहे? एक आजोबा म्हणाले की आमच्या वेळेपासून असंच आहे. मी लहानपणी उथळसरला चाळीत राहिलेय, ते आजोबाही चाळीतच वाढलेत, तिथे कॉमन नळ, कॉमन संडास, कॉमन गॅलरी. आमच्या वेळेला हे असं नव्हतं. चाळीत सगळं गोड होतं असं मी म्हणणार नाही, तिथेही कोणाच्या घरचं पाणी प्यायचं आणि कोणाचं नाही हे मोठी माणसं ठरवायचीच, आणि म्हणूनच मला वाटतं की ही लिफ्टची पाटी नवी नाही, ते जुनंच पाणी नव्या पाइपातून आलंय. अस्पृश्यता घटनेच्या कलम १७ ने गेली. पाटीवर जात लिहिलेली नसते, काम लिहिलेलं असतं, पण कोणतं काम कोणाच्या वाट्याला आलं हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे.

डॉ. आंबेडकरांनी १९३६ साली लिहिलं होतं की लोकशाही हा नुसता सरकारचा प्रकार नाही, ती मुळात एकत्र जगण्याची रीत आहे. इंग्रजीत त्यांचे शब्द असोशिएटेड लिव्हिंग असे आहेत, आणि त्या असोशिएटेडच्या आत परत तोच सोसियस, तोच सोबती. त्याच लिखाणात त्यांनी म्हटलंय की हिंदू सोसायटी अशी काही चीज अस्तित्वातच नाही, आहे तो नुसता जातींचा संग्रह. नव्वद वर्षं होत आली. मला आमचा टॉवर हा फ्लॅटांचा संग्रह म्हणून नको आहे.

आता करायचं काय तर फार काही अवघड नाही, आणि यासाठी दिल्लीला जायची गरज नाही. सोसायटीची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, सगळ्यांचीच असते. आमच्याकडे तिला पंचवीस-तीस जण येतात, बाकीचे समोसे झाल्यावर डोकावतात, आणि त्या पंचवीस जणांनी हात वर केला की झाला सोसायटीचा निर्णय. म्हणून मी या वेळी अजेंड्यावर विषय लेखी दिलाय. एक, पाटी काढावी आणि सामानाचा नियम वेगळा लिहावा. दोन, घरी येणाऱ्या कामगारांसाठी तळमजल्यावर स्वच्छ टॉयलेट आणि बसायला जागा, कारण सकाळी सातला आलेली बाई पाच घरं करून दुपारी दोनला जाते आणि तेवढ्या वेळात तिने कुठे जायचं हे आपण विचारलेलंच नाही. तीन, महाराष्ट्रात घरकामगारांसाठी कल्याण मंडळाचा २००८ चा कायदा आहे, त्याच्या नोंदणीसाठी सोसायटीने एक दिवस टेबल लावून फॉर्म भरून द्यावेत. चार, भाडेकरूच्या फॉर्मवरचा धर्म आणि जेवणाचा रकाना काढावा, हो, आमच्या फॉर्मवर तो आहे. सेक्रेटरींनी पत्र घेतलं आणि पोचही दिली, पण म्हणाले मॅडम, मत पडणार नाहीत तुम्हाला. मी गेले तीन रविवार एकेका मजल्यावर जाऊन बेल वाजवतेय. एकसष्ट घरांनी सही दिलीय, त्यात एक घर असं आहे जिथे मला सही मिळेल अशी आशाच नव्हती, तिथल्या आजी म्हणाल्या की माझी पोरगी लंडनला दुसऱ्यांच्या घरी म्हातारी माणसं सांभाळते, दे इकडे पेन.

मावशींना मी हे सगळं सांगितलं तेव्हा त्या कणीक मळत होत्या. थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "पाटी काढली तरी पहिल्या दिवशी तुम्ही खाली या ताई. मी एकटी नाही शिरायची त्या लिफ्टमध्ये, तुम्ही सोबत पाहिजे."